खांबाजवळची जागा

सोलापुरात आमच्या पेठेला पाणी पाच दिवसांआड,
आणि कोणत्या घटकेला, ते टाकीवरच्या माणसालाही ठाऊक नसतं.
त्या रात्री पावणेतीनला दार वाजलं.
मला वाटलं, पंच आले.

सात महिने हेच ऐकत झोपत होतो.
दार. पंच. वही.
देवळाच्या पत्र्यांसाठी जमलेले अठरा हजार चारशे
माझ्या हातून गेले.
'गेले' म्हणायची सवय लागलीय.
मी घेतले.
थोडे थोडे, उपासना संपल्यावर,
दानपेटीतली नाणी वेगळी करता करता.
कशासाठी, ते सांगणार नाही.
कारण सांगितलं की माणसं हळहळतात
आणि चोरी जरा लहान दिसते.

दारात सुवार्ताबाई रणभिसे.
डोक्याला फडकं, खांद्यावर हिरवा पाईप.
"शांतवन, नळ आलाय. उठ की."

माझा पाईप तोकडा.
इतक्या खेपा कोणाला न विचारता
दोन घागरींवर भागवलं होतं.
तिनं आपला पाईप माझ्या पाईपात खुपसला,
सायकलच्या ट्यूबची पट्टी दातांनी ताणून आवळली.
तोंडात पट्टी, त्यामुळं बोलणं अर्धंच कळत होतं.
मागच्या गल्लीत रात्रपाळीचे माग खडखडत होते,
शेजारच्या ओसरीवर विडीची पानं भिजत पडलेली,
आणि पिंपात पाणी पडत होतं,
आधी गढूळ, मग बरं.
पाळकसाहेब असते तर यावर उपदेश झाला असता.
मी पिंप धरून उभा होतो.
ते हलत नव्हतं. तरी धरलं होतं.

"तुझी जागा मोकळीय," पट्टी सुटल्यावर ती म्हणाली.
"खांबाजवळची. मी पिशवी ठेवते तिथं.
आता दर रविवारी पिशवी न्यायची म्हणजे
ओझंच की मला. ये तू."

कापणीच्या सणाला गेलो.
कोणी मिठीबिठी मारली नाही.
पिशवी उचलली गेली, मी बसलो.
ओहोळ गुरुजींनी सलाम घेतला नाही.
त्यांचंही बरोबर. त्या पत्र्यांत
त्यांच्या पेन्शनीचे दोन हजार होते.
पेटी आता मिर्यामकडे असते. ती दोनदा मोजते,
मग दुसऱ्या कुणाला मोजायला लावते.
माझ्या नावापुढं महिना पाचशे लिहिलेत,
पेन्सिलीनं नाही, शाईनं.
ते वाचून मला बरं वाटलं. का, कोण जाणे.

मग लिलाव कोण पुकारणार, इथं सगळे घुटमळले.
वीस वर्षं तो आवाज माझा.
पाळकसाहेबांनी काही न बोलता
ज्वारीची कणसं माझ्या हातात दिली.
कणसं गेली, भोपळा गेला, पाय सुटलेली कोंबडी
दोन बाकांखालून फिरून शेवटी गेली.
उरलं एक लिंबू.

दहा. वीस. पस्तीस.
घेणाऱ्यानं पैसे टाकले, लिंबू परत टेबलावर ठेवलं.
"पुन्हा देवाला."
असं ते चार वेळा विकलं
आणि चार वेळा परत आलं.
पाचव्या वेळी माझा आवाज बसला.
कोणाच्या तरी छतासाठी ओरडतोय मी,
हे मला मध्येच आठवलं.
मागून सुवार्ताबाई, भर देवळात:
"मोठ्यानं की रे! इथवर येत नाही!"

"एकशे एक."
ओहोळ गुरुजी. माझ्याकडं न बघता, भिंतीला.
एक वार. दोन वार.
तिसऱ्याला मी जरा जास्तच थांबलो.
तीन वार.
ते काठी टेकत आले, नोट टाकली,
लिंबू उचललं.
पुन्हा ठेवतील म्हणून मी हात पुढं केला होता.
त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात घातलं.

शेवटच्या प्रार्थनेत सगळ्यांचे डोळे मिटलेले.
माझे उघडे.
वर जुनाच पत्रा, तापून टकटक वाजणारा,
आणि पुढच्या बाकावर
गुरुजींचा फुगलेला खिसा,
त्यावर त्यांचा हात,
काही तरी घरंगळून जाईल असा.